चौकट, आरसा आणि श्वानपथक : स्फोटकांच्या तपासणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉलचे दार, मेट्रोचे स्थानक, विमानतळ, लालबागची रांग, मंत्रालय : आजकाल झडती दिल्याशिवाय कुठे शिरता येत नाही. पण ती चौकट नेमके काय पाहते, गाडीखाली आरसा फिरवून काय कळते, बॅगेवर पट्टी घासून काय साधते, हे विचारले तर खुद्द तपासणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. प्रवासी, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि उत्सव मंडळांचे कार्यकर्ते यांना नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तपासणी चुकवायची कशी, हे शोधत आला असाल तर हे पान तुमच्या उपयोगाचे नाही.

मेटल डिटेक्टरची चौकट बॉम्ब ओळखते का?

नाही. ती धातू ओळखते. चौकटीच्या दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे बारीक झटके सोडले की मध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रातून धातूची वस्तू गेली की तिच्यात क्षणभर प्रवाह उमटतो, क्षेत्र किंचित हलते आणि चौकट वाजते. पिस्तूल, सुरा, काडतुसे यांच्यासाठीच हे यंत्र बनले. स्फोटक पदार्थ स्वतः धातू नसतो. बॉम्बला लागणाऱ्या बॅटरी, तारा, डिटोनेटर यांच्यावरून संशय येऊ शकतो, पण तोही कधी? चौकट वाजल्यावर तिथे उभा असलेला माणूस ‘थांबा’ म्हणाला तर.

रेल्वे स्थानकांच्या दारांत रिकाम्या उभ्या असलेल्या चौकटी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. माणसे लोंढ्याने आत जातात, चौकट अखंड वाजत राहते, बाजूला कुणी नसते. त्या वाजण्याचा उपयोग शून्य.

मग स्फोटके खरोखर ओळखणारे यंत्र कुठले?

एकच असे यंत्र नाही. तीन वेगळ्या वाटांनी शोध घेतात. पहिली वाट आकार आणि घनतेची : एक्स-रे आणि सीटी स्कॅनर. दुसरी कणांची : स्फोटक हाताळले की त्याचे न दिसणारे कण हातावर, कपड्यांवर, बॅगेच्या मुठीवर राहतात, ते टिपायचे. तिसरी वासाची, आणि तिथे अजूनही कुत्र्याचा हात कुणी धरलेला नाही.

चौथी म्हणावी तर रसायनांची. संशयास्पद पदार्थाचा कण घ्यायचा, त्यावर ठरावीक द्रव्याचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. असा एक संच पुण्याच्या एचईएमआरएलने, म्हणजे डीआरडीओच्या उच्च ऊर्जा पदार्थांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेने, तयार केला आहे. तो पोलीस आणि निमलष्करी दले वापरतात. याच प्रयोगशाळेने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर बनवलेले ‘रायडर-एक्स’ हे उपकरण मार्च 2021 मध्ये पुण्यातच मांडले गेले. ते पदार्थाला हात न लावता, थोड्या अंतरावरून स्फोटक ओळखण्यासाठी आहे. पण अशी उपकरणे तज्ज्ञ पथकांच्या हाती असतात. मॉलच्या दारातली चौकट ती चौकटच.

एक्स-रेच्या पडद्यावर रंग कसले दिसतात?

यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडते आणि वस्तूने कुठले किती शोषले यावरून ती साधारण कशाची असेल ते ठरवते. कपडे, कागद, अन्न, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, लोखंडासारखे जड धातू निळे, मधले हिरवे. बहुतेक स्फोटकेही सेंद्रिय, त्यामुळे तीही नारिंगीत मोडतात. म्हणूनच दिवाळीत नातेवाइकांकडे निघालेल्यांच्या बॅगा जास्त उघडल्या जातात. घट्ट दाबून भरलेला पेढ्यांचा डबा, पुरणपोळ्यांची चवड, चीजची वडी, साबणांचा गठ्ठा हे सगळे पडद्यावर एकसंध, दाट, नारिंगी दिसते. तपासनीसाला त्यात शंका आली तर तो डबा उघडायला सांगणार, आणि त्याने तसे सांगावे यासाठीच तर तो तिथे बसलेला असतो.

पडद्यापुढच्या माणसाचे डोळे थकतात. म्हणून चांगल्या ठिकाणी वीसेक मिनिटांनी माणूस बदलतात. शिवाय यंत्रातले सॉफ्टवेअर अधूनमधून एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाचे किंवा बॉम्बचे खोटे चित्र मिसळते. तपासनीसाने ते ओळखले की ‘ही चाचणी होती’ असा संदेश येतो, सुटले तर नोंद होते. विमानतळावर तुमच्या बॅगेपाशी पट्टा मध्येच थांबला आणि लगेच सुरू झाला, तर कारण हेही असू शकते.

लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात?

बॅटरी आणि सर्किट यांच्या दाट थरामुळे त्याच्या खालचे-वरचे काही नीट दिसत नाही. सीटी स्कॅनर बॅगेचे सगळ्या बाजूंनी चित्र घेतो, त्यामुळे तो बसवलेल्या ठिकाणी लॅपटॉप आतच ठेवला तरी चालतो. कुठे काढायचा आणि कुठे नाही, हे त्या रांगेतला जवान सांगेल. त्याच्याशी ‘मागच्या विमानतळावर तर…’ अशी हुज्जत घालू नका.

बॅगेवर किंवा हातावर कापडी पट्टी घासतात, ती कशासाठी?

ही कणांची तपासणी. पट्टी यंत्रात घातली की ती तापते आणि तिच्यावरच्या कणांची वाफ होते. त्या वाफेतल्या रेणूंना विद्युतभार देऊन एका नळीतून पळवतात. हलके रेणू लवकर पोहोचतात, जड आणि पसरट रेणू उशिरा. प्रत्येक स्फोटकाचा पोहोचण्याचा वेळ यंत्राला ठाऊक असतो, त्यावरून ते इशारा देते. एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतका कणही त्याला पुरतो. पट्टी घासण्यापासून निकालापर्यंत काही सेकंद लागतात.

इतक्या नाजूक नाकाचा तोटा म्हणजे खोटे इशारे. हृदयविकाराच्या काही गोळ्यांत, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्यांत, नायट्रोग्लिसरीन किंवा त्याच्या कुळातले औषध असते. नायट्रोग्लिसरीन हा डायनामाइटचाही मूळ घटक. काही खते, काही हॅण्डक्रीम, फटाक्यांची दारू यांनीही यंत्र दचकू शकते. विहिरीच्या सुरुंगांवर किंवा दगडखाणीत काम करणारा माणूस जिलेटीनच्या कांड्या हाताळून त्याच कपड्यांत विमानतळावर आला, तर इशारा होणारच, आणि तो खोटाही म्हणता येणार नाही.

असे झाले तर घाबरू नका. कामाचे स्वरूप आणि औषधाचे नाव सरळ सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. पुन्हा पट्टी घेतील, बॅग उघडतील, प्रश्न विचारतील. एका इशाऱ्यावर कुणी गुन्हेगार ठरत नाही. नागपूर परिसरात, जिथे स्फोटके बनवणारे कारखाने आहेत आणि देशाच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संस्थेचे मुख्यालयही आहे, तिथल्या कामगारांना हे वेगळे सांगायला नको.

कुत्रा यंत्रापेक्षा खरेच चांगला का?

शोध घ्यायच्या कामात, हो. यंत्र ठेवले तिथे बसते. कुत्रा खुर्च्यांच्या रांगेतून, गाड्यांच्या मधून, सामानाच्या ढिगावरून चालत जातो आणि वास कुठून जास्त येतो तिकडे आपणहून वळतो. आरडीएक्ससारख्या पदार्थाची वाफ फारच कमी होते. पण स्फोटक क्वचितच शुद्ध असते. त्यात मिसळलेले मेण, तेल, प्लास्टिक यांचा मिळून एक वास होतो आणि कुत्रा तो ओळखायला शिकतो. 1991 मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तर प्लास्टिक स्फोटके बनवतानाच त्यांत सहज उडणारे, वासाने सापडणारे एक द्रव्य मिसळणे बंधनकारक झाले. त्याला निमित्त होते डिसेंबर 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर झालेला विमानस्फोट. रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेल्या सेमटेक्स या प्लास्टिक स्फोटकाने 270 माणसे मारली होती.

स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला सापडल्यावर भुंकायचे किंवा उकरायचे नाही, गप्प बसायचे, असे शिकवतात. कारण उघड आहे.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना जंजीरचे नाव टाळता येत नाही. पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला हा लॅब्रॅडॉर 1992 च्या अखेरीस मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात आला. अडीच महिन्यांत, 12 मार्च 1993 ला, मुंबईत साखळी स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, प्लाझा, वरळीचा सेंच्युरी बाजार… 257 माणसे गेली. त्या दिवसांत झवेरी बाजाराजवळ उभी करून ठेवलेली स्फोटकांची स्कूटर जंजीरने हुडकली. त्याच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसे अशी कामगिरी सांगितली जाते. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला.

पण कुत्राही जीव आहे. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला विश्रांती लागते, उन्हात तो लवकर दमतो, आणि त्याला हाताळणाऱ्या जवानाच्या मनातली अपेक्षा तो चटकन ओळखतो. त्यामुळे रोजचा सराव आणि ठरावीक काळाने परीक्षा लागतेच. आणखी एक : काम करत असलेल्या कुत्र्याला ‘यू यू’ करून बोलावू नका, बिस्किट तर मुळीच देऊ नका.

गाडीखाली आरसा फिरवतात, त्याने काही कळते का?

पाहणाऱ्याला गाडीचे पोट ओळखीचे असेल तर कळते. चिखलाने माखलेल्या तळाशी एखादाच भाग स्वच्छ का, नवी तार कुठून आली, टाकीला काही चिकटवले आहे का, हे त्याने पाहायचे असते. हॉटेलच्या दारातला थकलेला गार्ड दर गाडीमागे दोन सेकंद आरसा सरकवतो, तेव्हा तो यातले काही पाहत नसतो. मोठ्या ठिकाणी जमिनीत कॅमेरे बसवलेले असतात. गाडी वरून गेली की तळाचे पूर्ण चित्र येते आणि त्याच मॉडेलच्या आधीच्या चित्राशी ताडून पाहता येते.

आता आपल्या शहराचा अनुभव पाहा. 1993 मध्ये मुंबईत बॉम्ब मोटारींत आणि स्कूटरींत ठेवले होते. 25 ऑगस्ट 2003 ला गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार इथे ते टॅक्सींत होते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हल्लेखोर ज्या टॅक्सींतून उतरले, त्यांपैकी दोन पुढे विलेपार्ले आणि वाडीबंदरला फुटल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये कारमायकल रोडवर जिलेटीनच्या 20 कांड्या ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली, तीही बराच वेळ एका जागी उभी असल्याचा संशय आल्याने. यांतली एकही गाडी तळ पाहून पकडायची नव्हती. म्हणून आरशाइतकेच डिकी उघडणे, चालकाला दोन साधे प्रश्न विचारणे आणि सोडून दिलेल्या गाडीकडे लक्ष जाणे महत्त्वाचे. कुठून आलात, कुणाकडे जायचे आहे, गाडी कुणाची : उत्तरे चाचरत आली तर पुढची तपासणी आपोआप कडक होते.

अँटेना असलेली, हातात धरायची ‘बॉम्ब शोधणारी कांडी’ सोसायटीने घ्यावी का?

नको. आणि या प्रश्नाचे उत्तर जरा लांबवतो, कारण या कांडीने माणसे मारली आहेत.

‘एडीई 651’ नावाचे एक उपकरण ब्रिटनमधला जेम्स मॅककॉर्मिक विकत होता. मुठीला बिजागरीने जोडलेली एक लोंबती अँटेना, बस. बॅटरी नाही. वापरणाऱ्याच्या अंगातल्या स्थिर विजेवर ते चालते, म्हणून आधी जागच्या जागी पावले आपटायची, मग अँटेना बॉम्बच्या दिशेने वळते, असा दावा होता. आत घालायची कार्डे वेगवेगळी : स्फोटकांचे वेगळे, अमली पदार्थांचे वेगळे, हस्तिदंताचेही वेगळे. केंब्रिज विद्यापीठाच्या तज्ज्ञाने एक कार्ड उघडले तर आत दुकानातली चोरी रोखायला कपड्यांना लावतात तसला साधा टॅग निघाला. मूळ कल्पना हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या, सुमारे 20 डॉलरला मिळणाऱ्या एका खेळण्यावरून उचलली होती. इराकने ही उपकरणे हजारोंच्या संख्येने, एकेक हजारो डॉलर मोजून घेतली आणि बगदादच्या नाक्यांवर वाटली.

आपल्याकडे विहीर खणण्याआधी पाणाड्या हातात काटकी धरून शेतातून फिरतो, तो प्रकार इथे बॉम्बसाठी चालला होता. पाणाड्या चुकला तर विहीर कोरडी लागते. इथे स्फोटकांनी भरलेल्या गाड्या नाके ओलांडून शहरात शिरत राहिल्या. ब्रिटनने जानेवारी 2010 मध्ये इराक आणि अफगाणिस्तानला होणारी निर्यात थांबवली, 2013 मध्ये मॅककॉर्मिकला फसवणुकीबद्दल 10 वर्षांची शिक्षा झाली. तरीही कांड्या बगदादमध्ये फिरतच होत्या. जुलै 2016 मध्ये कर्रादा भागातल्या स्फोटात 300 हून अधिक माणसे गेल्यावर पंतप्रधानांनी त्या काढून घ्यायचा हुकूम दिला.

थायलंडमध्ये याच धाटणीचे ‘जीटी200’ वापरात होते. 2010 मध्ये सरकारने त्याची चाचणी घेतली. चार पेट्यांपैकी एकीत स्फोटक, कुठल्या ते वापरणाऱ्याला ठाऊक नाही, असे 20 वेळा केले. कांडी 4 वेळा बरोबर आली. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी सरासरी 5 वेळा बरोबर आले असते.

म्हणून कुठलाही विक्रेता ‘शंभर मीटरवरून बॉम्ब ओळखतो’ म्हणत आला तर हीच चाचणी सांगा. कुणी काय कुठे ठेवले हे ना त्याला माहीत, ना समोर उभ्या असलेल्या कुणाला. खऱ्या यंत्राचा विक्रेता तयार होतो. खोट्याचा ‘आज हवामान बरोबर नाही’ म्हणतो.

लोकलच्या स्थानकांवर विमानतळासारखी तपासणी का करत नाहीत?

हिशेब करून पाहा. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत साडेचार हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली असतात आणि साधारण तीन मिनिटांना एक गाडी सुटते. एका माणसाला नुसते 5 सेकंद दिले तरी एका दारातून तीन मिनिटांत 36 माणसे जातात. म्हणजे एकाच मार्गावरच्या एकाच दिशेसाठी, बॅग न उघडता, 125 दारे हवीत. दादरला ती कुठे उभारणार?

दुसरी अडचण अधिक गंभीर. तपासणीसाठी जमलेली रांग हेच एक लक्ष्य होऊन बसते. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत 11 मिनिटांत 7 स्फोट झाले. त्यानंतर कॅमेरे, श्वानपथके, अचानक केलेली तपासणी यांवर भर आला. ‘सगळ्यांना तपासता येत नाही म्हणून कुणालाच तपासू नये’ हे काही बरोबर नाही. कुणाला, कधी आणि कुठे थांबवतील याचा अंदाज न येणे हाही पहाराच आहे. मेट्रोत दारे मोजकी आणि फलाट बंदिस्त, म्हणून तिथे प्रत्येक बॅग यंत्रातून जाऊ शकते.

विमानात 100 मिलीची अट आणि बूट काढणे हे कुठून आले?

प्रत्येक नियमामागे एक घटना आहे. डिसेंबर 2001 मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटातला बॉम्ब पेटवण्याचा प्रयत्न केला, म्हणून बूट. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके विमानात नेण्याचा कट उघड झाला, म्हणून 100 मिली. 2009 च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात अंतर्वस्त्रात शिवलेला बॉम्ब निघाला, म्हणून अंगाचे स्कॅनर. भारतात 1999 च्या डिसेंबरमधल्या आयसी-814 च्या अपहरणानंतर विमानतळ सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, सोपवायचे ठरले आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली.

एकूण काय, नियम मागच्या हल्ल्याच्या मापाने शिवलेले असतात. त्यावर हसणे सोपे आहे, पण एकदा वापरलेली वाट उघडी ठेवून चालत नाही.

माझी बॅग विमानात गेली आणि मी गेलो नाही, तर ती उतरवतात. एवढा उशीर कशासाठी?

कनिष्क विमानासाठी. 23 जून 1985 ला एअर इंडियाचे 182 क्रमांकाचे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले, 329 जण गेले. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला चढवली होती आणि टोरोंटोहून पुढे एअर इंडियाच्या विमानात आली. बॅगेचा मालक विमानात बसलाच नव्हता. त्या दिवशी टोरोंटोला एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका शोधक यंत्राने तपासल्या. ते यंत्र भरवशाचे नाही हे आधीच्या चाचणीत दिसले होते. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॅगेचा स्फोट होऊन दोन हमाल मेले.

तेव्हापासून बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवणे सक्तीचे आहे. एक माणूस दारात आला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो 1987 मध्ये स्वतंत्र खाते झाला, त्यामागेही हीच घटना होती.

अंगाच्या स्कॅनरमध्ये आपण उघडे दिसतो का? गरोदर बाईने जावे का?

आता वापरात असलेले स्कॅनर मिलिमीटर लहरींचे असतात. या रेडिओलहरींच्या जातीच्या, एक्स-रे नव्हेत. पडद्यावर तुमचे चित्र येत नाही, माणसाची साधी ठोकळेबाज आकृती येते आणि जिथे शंका तिथे चौकोन. गरोदरपणातही त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. नको वाटत असेल तर हाताने तपासणी करायला सांगता येते.

पेसमेकर असलेल्यांनी कार्ड दाखवावे. चौकटीतून सरळ चालत गेले तर सहसा काही होत नाही, तिथे रेंगाळू मात्र नये, आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू देऊ नये.

एक्स-रेमधून गेलेला डबा खाल्ला तर?

खा. किरण जातात आणि संपतात, अन्नात काही उरत नाही.

बायकांची अंगझडती कोण घेते?

बाईच, आणि आडोशाला. विमानतळावर त्यासाठी पडद्याची वेगळी खोली असते. उत्सवात किंवा मॉलमध्ये बाई गार्ड नसेल तर पुरुष गार्डने पर्स उघडून दाखवायला सांगावे, अंगाला हात लावू नये. कृत्रिम पाय, कंबरेचा पट्टा, शस्त्रक्रियेनंतर अंगाला लावलेली पिशवी असे काही असेल तर आधीच हळू आवाजात सांगा आणि आडोसा मागा. असा आडोसा मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच करू नका.

मॉलच्या गार्डला माझी बॅग उघडायचा अधिकार आहे का?

तो पोलीस नाही. तुम्ही नाही म्हटले तर तो जबरदस्ती करू शकत नाही, पण आत सोडायला नकार देऊ शकतो, कारण जागा खासगी आहे. बारा-बारा तास उभ्या असलेल्या त्या माणसाशी वाद घालून तुम्ही काही जिंकत नाही. त्याला स्फोटके ओळखायचे शिक्षण किती दिले आहे, हे विचारायचे तर त्याच्या एजन्सीला आणि मॉलच्या व्यवस्थापनाला विचारा.

आमच्या गणेश मंडळाने काय करावे?

भाड्याच्या दोन चौकटी आणून दारात उभ्या केल्या की झाले, असा समज आहे. त्याआधी करायच्या गोष्टींना फारसा पैसाही लागत नाही. पहिली, अंतर. मंडपाला लागून एकही गाडी उभी राहू देऊ नका, कार्यकर्त्यांची दुचाकीही नाही. अंतर दुप्पट केले की स्फोटाचा दाब निम्म्याहूनही बराच खाली येतो. हे काम दोरी आणि चार बांबू करतात.

दुसरी, मंडपाची मागची बाजू. सगळे लक्ष पुढच्या रांगेवर असते आणि मागे जनरेटर, सजावटीचे खोके, प्रसादाचे टोप, ताडपत्री यांचा पसारा. रोज सकाळी दर्शन सुरू होण्याआधी एकाच ठरलेल्या माणसाने तिथे फेरी मारावी. रोज तोच माणूस असला तर काल नसलेले खोके आज त्याच्या डोळ्यांत भरते. कचऱ्याचे डबे रांगेपासून लांब आणि शक्यतो पारदर्शक पिशवीचे ठेवा. चपलांच्या आणि पिशव्यांच्या ढिगाला राखणदार हवा, टोकन हवे.

तिसरी, पोलीस ठाण्याशी आधी बोलणी. मोठ्या मंडळांची पाहणी बॉम्बशोधक व नाशक पथक श्वानासह करते. त्यांना मंडपाचा नकाशा द्या, वीज कुठून बंद होते ते दाखवा, लोकांना बाहेर काढायची वाट मोकळी ठेवा. चौकटी त्यानंतर आणा, आणि प्रत्येक चौकटीमागे दोन माणसे ठेवता येत असतील तरच आणा.

‘बॅगेत बॉम्ब आहे’ असे गमतीने म्हटले तर?

गंमत तपासायलाही तेवढाच वेळ आणि तेवढीच माणसे लागतात. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय विमानांना शेकडो खोट्या धमक्या आल्या, विमाने वळवावी लागली. तुमचे विमान चुकेल आणि गुन्हा दाखल होईल तो वेगळा.

बेवारस बॅग दिसली तर काय करायचे?

हात लावायचा नाही, हलवायची नाही, पाण्यात टाकायची नाही, वर पोते झाकायचे नाही. आसपासच्या दोघांना ‘तुमची आहे का?’ असे विचारा. कुणाचीच नसेल तर लोकांना लांब करा, काचांपासून विशेषतः, कारण स्फोटात पुष्कळ जण उडालेल्या काचांनीच जखमी होतात. लांब गेल्यावर 112 ला फोन करा, रेल्वेत असाल तर 139 ला. बॅगेचा रंग, जागा आणि ती कधी दिसली एवढे सांगा.

पुण्यात 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेने 17 जणांचा जीव घेतला. त्याआधी, 26/11 च्या हल्ल्यानंतर आठवडाभराने, सीएसटी स्थानकात पळापळीत प्रवाशांनी टाकून दिलेल्या सामानाचा ढीग पोलीस निवडत होते, तेव्हा त्यातच हल्लेखोरांनी ठेवलेली स्फोटके सापडली. इतके दिवस ती इतर बॅगांबरोबर तशीच पडून होती. बेवारस सामान एकत्र गोळा करून कोपऱ्यात ढीग लावण्याची सवय किती धोक्याची आहे, ते यावरून कळते.

जाता जाता : विमानात सुके खोबरे का नेऊ देत नाहीत? तेही स्फोटक आहे का?

स्फोटक नाही. खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना स्वतःहून पेटणाऱ्या पदार्थांत होते. वाटी दोन्ही बॅगांतून वगळा आणि पोहोचल्यावर तिथल्या वाण्याकडून घ्या.